रशियन राजघराण्यावरच्या ऐतिहासिक कादंबऱ्या : वाचकाला नेमके काय खेचून घेते?

मोडीवाचक :

रशियाच्या झारांवर आणि सम्राज्ञींवर लिहिलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या जगभर आवडीने वाचल्या जातात आणि मराठी वाचकही त्यांत रमतो. या आवडीचे कारण विचारले, की बहुतेक जण राजवाडे, हिरेमाणके, बर्फावरून धावणाऱ्या घसरगाड्या आणि नृत्यसमारंभ यांच्याकडे बोट दाखवतात. मला हे उत्तर अपुरे वाटते. वैभव फ्रान्सच्या दरबारातही होते आणि ऑस्ट्रियाच्याही, पण तिथल्या राजांवरच्या कथा वाचकाला इतक्या वेळा परत बोलावत नाहीत. रशियाच्या सिंहासनाभोवती जे मृत्यू झाले, त्यांतल्या बहुतेकांविषयी राज्यसत्तेने प्रजेला खोटे सांगितले, किंवा काहीच सांगितले नाही. माझ्या मते कादंबरीला तिथे पाय ठेवायला जागा मिळते आणि वाचकही त्याच जागेकडे ओढला जातो.

काही प्रसंग आठवून पाहावेत. १७६२ मध्ये कॅथरीनने नवऱ्याला पदच्युत केले आणि काही दिवसांतच तिसरा पीटर रोप्शा येथे नजरकैदेत मारला गेला. जाहीरनाम्यात मात्र त्याला मूळव्याधीचा विकार बळावून पोटशूळ उठल्याचे कारण लिहिले गेले. त्याच पीटरचा आणि कॅथरीनचा मुलगा पॉल १८०१ मध्ये मिखाइलोव्स्की वाड्यातल्या स्वतःच्या शयनगृहात सरदारांच्या हातून मारला गेला. भोवती खंदक खणून घेतलेल्या या नव्या वाड्यात तो जेमतेम चाळीस दिवस राहिला होता. प्रजेला सांगण्यात आले, की मेंदूचा झटका आला. सहावा इव्हान दोन महिन्यांचा असताना सम्राट झाला आणि पुढच्याच वर्षी एलिझाबेथने त्याचे राज्य घेतले. त्याचे उरलेले सगळे आयुष्य कैदेत गेले, आणि सुटकेचा प्रयत्न झालाच तर कैद्याला ठार करावे या आदेशानुसार पहारेकऱ्यांनी १७६४ मध्ये श्लिसेलबुर्गच्या किल्ल्यात त्याला मारले. असे तीन सम्राट, आणि तिघांच्याही शेवटाची हकीकत दाराआड राहिलेली.

या सगळ्याचे मूळ मला या झारांच्या रोमानोव्ह घराण्याच्याही आधीच्या एका घटनेत दिसते. १५ मे १५९१ रोजी उग्लिच या गावी इव्हान द टेरिबलचा धाकटा मुलगा दिमित्री गळ्यावर वार होऊन मेला. तो आठ वर्षांचा होता. चौकशीसाठी मॉस्कोहून वासिली शुइस्की याच्या नेतृत्वाखाली मंडळ आले आणि त्यांनी निष्कर्ष काढला, की मुलगा चाकूचा खेळ खेळत असताना त्याला अपस्माराचा झटका आला आणि पाते त्याच्याच गळ्यात घुसले. पुढे पोलंडच्या बाजूने एक तरुण आला. मीच दिमित्री, मी वाचलो, असे सांगत त्याने १६०५ मध्ये मॉस्को घेतले, तेव्हा राजपुत्र खरोखरच वाचला होता, अशी ग्वाही याच शुइस्कीने दिली. १६०६ मध्ये तो तरुण मारला गेला आणि शुइस्की स्वतः झार झाला, तेव्हा त्याने तिसरी हकीकत पुढे आणली : तेव्हा दरबारात सर्वांत वजनदार असलेल्या आणि पुढे झार झालेल्या बोरिस गोदुनोव्हच्या सांगण्यावरून मुलाचा खून झाला होता. त्या बालकाचे अवशेष मॉस्कोत आणून त्याला संतपदही देण्यात आले. एका मृत्यूबद्दल एकाच माणसाने पंधरा वर्षांत तीन साक्षी दिल्या.

शुइस्कीपेक्षाही मला त्या मुलाची आई अधिक विचारात पाडते. मारिया नागाया हिला मुलाच्या मृत्यूनंतर जोगीण करून मठात ठेवले होते. तोतया मॉस्कोला पोहोचला तेव्हा तिला बोलावून घेतले गेले आणि तिने सर्व लोकांसमोर त्याला आपला मुलगा म्हणून कवटाळले. वर्षभराने तो मारला गेल्यावर तिने सांगितले, की तो माझा नव्हता. त्या मिठीत भीती किती होती, सूड किती होता, मठातून सुटण्याची आशा किती होती, आणि कदाचित क्षणभर खरा विश्वासही होता का, याचे उत्तर कुठल्याही कागदात मिळणार नाही. इतिहासकाराला इथे थांबावेच लागते. कादंबरीकाराला थांबता येत नाही, कारण त्याला ती मिठी लिहायची असते.

मराठी वाचकाला हे परके वाटत नाही, यामागे आपला स्वतःचा इतिहास आहे. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मृत्यूबद्दल लोकांच्या मनात संशय राहिला, पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही, आणि पुढे भाऊसाहेबांच्या नावाने उभा राहिलेल्या तोतयाने कोकणात किल्ले घेण्यापर्यंत मजल मारली. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच विषयावर लिहिले. तिकडे रशियात येमेल्यान पुगाचोव्ह हा डॉन कोसॅक आपण तिसरा पीटर आहोत असे सांगत १७७३ मध्ये उभा राहिला आणि व्होल्गा ते उरलपर्यंतचा मुलूख त्याने पेटवला. जानेवारी १७७५ मध्ये त्याला मॉस्कोत मृत्युदंड दिला गेला आणि पुढच्याच वर्षी पुण्यात भाऊंच्या तोतयाला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. पण ज्या राज्यात वारसाचा मृत्यू लोकांच्या डोळ्यांसमोर होत नाही, तिथे लोक त्याच्या परतण्याची वाट पाहतात, हे दोन्हीकडे सारखेच दिसते. पीटरच्या बाबतीत तर वाट पाहायला ठोस कारणही होते. त्याने १७६२ च्या फेब्रुवारीत सरदारांना सक्तीच्या राजसेवेतून मुक्त केले होते. आता आपली पाळी, असे भूदासांना, म्हणजे सरदारांच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांना, वाटत होते, आणि तेवढ्यात तो नाहीसा झाला. आपल्याला मुक्त करणार म्हणूनच सरदार त्याला मारायला निघाले असणार, असा अर्थ त्यांनी लावला.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की या कादंबऱ्यांचा खरा विषय संशय हा आहे. आपणास काय वाटते, ते सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तररात्र :

मोडीवाचक, लेख फार आवडला, विशेषतः मारिया नागायाबद्दलचा भाग. तरीही मला वाटते, की आपण एका मोठ्या वाचकवर्गाला बाजूला ठेवले आहे. या कादंबऱ्या वाचणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असावी, असे माझ्या ओळखीच्या वाचकांवरून म्हणते, आणि त्यांना या कथांत जे सापडते ते संशयापेक्षा निराळे आहे.

१७२२ मध्ये पहिल्या पीटरने असा कायदा केला, की सम्राटाने आपला वारस स्वतः निवडावा. त्याआधी चारच वर्षांपूर्वी त्याचा मुलगा अलेक्सेई छळ सोसून पीटर-पॉल किल्ल्यात मेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कायद्यामागची वेदना आणि क्रौर्य दोन्ही कळतात. पीटर मात्र वारस न नेमताच गेला. परिणामी पुढचे जवळजवळ संपूर्ण शतक राजगादी ही ज्याच्या मागे राजरक्षक पलटणी उभ्या राहतील त्याची झाली, आणि या गोंधळातून चार स्त्रिया सत्तेवर आल्या : लिव्होनियातल्या सामान्य कुटुंबातून आलेली पहिली कॅथरीन, मग अॅना, मग एलिझाबेथ, आणि शेवटी १७६२ पासून १७९६ पर्यंत दुसरी कॅथरीन. १७२५ ते १७९६ या काळात पुरुष सम्राटांच्या वाट्याला फार थोडी वर्षे आली. १७९७ मध्ये पॉलने वारसाहक्काचा नवा कायदा केला आणि ते दार स्त्रियांसाठी जवळजवळ बंद करून टाकले. त्यानंतर रशियाच्या गादीवर एकही स्त्री बसली नाही.

ही दुसरी कॅथरीन, म्हणजे श्टेटीनमध्ये जन्मलेली एका लहानशा जर्मन संस्थानिकाची मुलगी, चौदाव्या वर्षी परक्या देशात येते, धर्म बदलते, नाव बदलते, भाषा शिकते, न पटणाऱ्या नवऱ्यासोबत सतरा वर्षे काढते आणि मग साम्राज्य हाती घेते, ही कथा सासरी गेलेल्या कोणत्याही मुलीला आतून कळते. तिच्या आठवणींत एक प्रसंग आहे. रशियन लवकर यावे म्हणून ती रात्री उठून अनवाणी फिरत धडे पाठ करायची, त्यात फुप्फुसाच्या विकाराने अंथरुणाला खिळली. आईला ल्युथरन पाद्री बोलवायचा होता, पण मुलीने ऑर्थोडॉक्स धर्मगुरू सिमोन तोदोर्स्की यांना बोलवा असे सांगितले. ही बातमी दरबारात पसरली आणि परकी राजकन्या लोकांच्या मनात आपली झाली. ते तापातले शब्द श्रद्धेतून आले, की चौदा वर्षांच्या मुलीला राजकारण तेव्हाच उमगले होते? मला वाटते दोन्ही खरे असावे, आणि चांगला कादंबरीकार दोन्ही एकाच श्वासात लिहू शकतो.

या आठवणी तिने फ्रेंचमध्ये लिहिल्या, पुन्हा पुन्हा नव्याने मांडल्या आणि अपुऱ्या ठेवल्या. पॉलचा बाप कोण याबद्दल त्यांत जे सूचन आहे, त्यामुळे राजघराण्याने त्या दडवून ठेवल्या. देशाबाहेर राहणारा रशियन लेखक हेर्झेन याने त्या १८५९ च्या सुमारास लंडनमध्ये प्रसिद्ध केल्या. रशियात उघडपणे छापल्या जायला १९०५ ची क्रांती उलटून जावी लागली. तेव्हा आपला संशयाचा मुद्दा इथेही लागू पडतो हे मान्य, पण माझ्यासारखी वाचक त्या पानांवर थांबते ती एका स्त्रीची बुद्धी काम करताना दिसते म्हणून.

सातबारा :

दोन्ही लेखन अभ्यासपूर्ण आहे. माझा आक्षेप मात्र मुळावरचा आहे, आणि तो मी गांभीर्याने मांडतो आहे.

१७६७ मध्ये याच दुसऱ्या कॅथरीनने फर्मान काढले, की भूदासांनी आपल्या मालकाविरुद्ध थेट सम्राज्ञीकडे तक्रार करू नये. केल्यास चाबकाचे फटके आणि सैबेरियात नेर्चिन्स्कला कायमची सक्तमजुरी अशी शिक्षा होती. आता पुश्किनची १८३६ ची, पुगाचोव्हच्या बंडाच्या काळात घडणारी ‘कप्तानाची मुलगी’ ही कादंबरी आठवा. तिच्यात माशा त्सारस्कोये सेलोच्या बागेत कुत्रे घेऊन फिरायला निघालेल्या एका बाईंना आपली कैफियत सांगते, आणि त्या बाई म्हणजे सम्राज्ञीच असतात. वाचकाचे डोळे भरून येतात, माझेही येतात. पण माशा लष्करी अधिकाऱ्याची मुलगी आहे. तिच्या जागी तिच्याच घरातली मोलकरीण पालाशा अर्ज घेऊन गेली असती, तर कायद्याने तिची पाठ फोडली असती. राजघराण्यावरच्या बहुसंख्य कादंबऱ्या वाचताना आपण माशा असतो. पालाशा होण्याची वेळ लेखक आपल्यावर येऊ देत नाही.

शेवटच्या झारच्या, दुसऱ्या निकोलसच्या, बाबतीत हे अधिक खटकते. १८९६ मध्ये राज्याभिषेकाच्या निमित्ताने खोदिन्का मैदानावर लोकांना पेले आणि खाऊ वाटायचा होता. त्या गर्दीत चेंगरून सरकारी आकड्यानुसार १३८९ माणसे मेली, आणि त्याच रात्री नवे झार-झारिना फ्रेंच राजदूताच्या नृत्यसमारंभाला गेले. १९०५ च्या जानेवारीत अर्ज घेऊन हिवाळी महालाकडे निघालेल्या कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या. या झारच्या कुटुंबाची तळघरात हत्या झाली त्या शेवटच्या रात्रीवर पानेच्या पाने लिहिणारे लेखक या दोन दिवसांना किती जागा देतात, ते प्रत्येकाने आपापल्या हातातल्या पुस्तकात पाहावे.

आपल्याकडच्या वाचनाची एक पार्श्वभूमीही इथे नोंदवतो. माझ्या पिढीला रशिया भेटला तो मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाच्या मराठी पुस्तकांतून, जी लोकवाङ्मय गृहात आणि प्रदर्शनांत अगदी स्वस्तात मिळत. त्या पुस्तकांत झार म्हणजे जुलूम, एवढेच चित्र होते. सोव्हिएत संघ मोडल्यानंतर इंग्रजीतून जे आले, त्यात झार म्हणजे प्रेमळ पिता आणि आजारी मुलाच्या उशाशी बसलेली आई असे चित्र आले. एका अर्धसत्याच्या जागी दुसरे अर्धसत्य बसले. दोन्ही एकत्र धरू शकणारी कादंबरी मला हवी आहे.

मोडीवाचक :

सातबारा, पालाशाचा मुद्दा मी मनापासून मान्य करतो, आणि तो यापुढे ही कादंबरी वाचताना माझ्या डोक्यातून जाणार नाही. फक्त पुश्किनच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. १८३३ मध्ये तो कझान आणि ओरेनबुर्गला स्वतः गेला, पुगाचोव्हला पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलला, आणि दफ्तरातले कागद वाचून त्याने बंडाचा स्वतंत्र इतिहासही लिहिला. पहिल्या निकोलसने त्या ग्रंथाचे नाव बदलायला लावले, कारण पुगाचोव्हसारख्या गुन्हेगाराला इतिहास असू शकत नाही असे त्याचे मत होते. म्हणून इतिहासाच्या पुस्तकावर ‘पुगाचोव्हच्या बंडाचा इतिहास’ असे छापले गेले. कादंबरीत मात्र पुश्किनने त्याच पुगाचोव्हला नायकाने पूर्वी दिलेल्या ससाकातडीच्या एका कोटाची आठवण ठेवणारा माणूस केले. सम्राज्ञीची दया आणि बंडखोराची दया एकाच पुस्तकात शेजारी ठेवणे हे त्या राजवटीत धाडसाचे होते.

आपल्याला हवी तशी, दोन्ही बाजू धरणारी कृतीही आहे, असे मला वाटते. टॉलस्टॉयच्या ‘हाजी मुराद’मध्ये पहिल्या निकोलसवरचे प्रकरण आहे. एका पोलिश विद्यार्थ्याच्या प्रकरणावर तो शेरा लिहितो, की देहदंडच योग्य होता, पण देवाच्या कृपेने आपल्याकडे देहदंड नाही. म्हणून त्याला एक हजार शिपायांच्या रांगेतून बारा वेळा चालवावे. बारा हजार फटके म्हणजे मरणच, हे त्याला ठाऊक आहे, आणि तरीही आपण दयाळू आहोत यावर त्याचा विश्वास आहे. राजाला राक्षस न करता त्याचे क्रौर्य दाखवण्याचा याहून चांगला नमुना मी वाचलेला नाही. १९१२ मध्ये ही कृती प्रथम छापली गेली तेव्हा रशियातल्या आवृत्तीत या प्रकरणाला कात्री लागली होती.

हिमकण :

मी फक्त एका प्रसंगाबद्दल लिहिणार आहे, कारण या चर्चेतले सगळे धागे मला त्या एकाच जागी दिसतात.

१७३९-४० च्या हिवाळ्यात सम्राज्ञी अॅनाच्या करमणुकीसाठी नेव्हा नदीकाठी, नौदल कचेरी आणि हिवाळी महाल यांच्या मधोमध, बर्फाचा वाडा बांधला गेला. वास्तुरचनाकार प्योत्र येरोप्किन हा होता. वाड्यातला पलंग, उशा, आरसा, टेबलावरचे घड्याळ, बाहेरची झाडे आणि त्यांवरचे पक्षी, सगळे बर्फाचे होते. बर्फाच्या तोफांतून खरोखर बार उडवले जात, आणि बर्फाचा एक हत्ती सोंडेतून पाणी उडवी. विज्ञान अकादमीचा सदस्य क्राफ्ट याने या वास्तूचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले आहे, म्हणून आपल्याला मापांसकट सगळे कळते. दरबारात विदूषक करून ठेवलेला राजपुत्र मिखाइल गोलित्सिन आणि सम्राज्ञीची काल्मिक सेविका आव्दोत्या बुझेनिनोव्हा यांचे लग्न लावून त्यांना त्या बर्फाच्या पलंगावर रात्र काढायला लावण्यात आले. बाहेर पहारा होता. दोघे सकाळपर्यंत जगले.

हा सोहळा पार पाडणारा मंत्री अर्तेमी व्होलिन्स्की होता. लग्नाच्या सोहळ्यासाठी कविता करायला बोलावलेल्या कवी त्रेदियाकोव्हस्कीला त्याने मारहाण केली. त्याच वर्षी व्होलिन्स्कीवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्याच्याबरोबर वास्तुरचनाकार येरोप्किनचेही डोके उडवले गेले. बर्फाचा वाडा वसंतात वितळला आणि तो बांधणारा उन्हाळ्यात गेला.

१८३५ मध्ये इव्हान लाझेच्निकोव्ह याने यावर ‘बर्फाचे घर’ ही कादंबरी लिहिली आणि ती अतोनात गाजली. तिच्यात व्होलिन्स्की हा अॅनाच्या मर्जीतल्या परकी बिरोनशी झुंजणारा देशभक्त नायक आहे आणि त्रेदियाकोव्हस्की हास्यास्पद लाळघोट्या. पुश्किनने लेखकाला पत्र लिहून कादंबरीचे कौतुक केले, पण ऐतिहासिक सत्य पाळले गेले नाही असेही स्पष्ट कळवले. मार खाल्लेल्या कवीला आणखी अपमानित करणे त्याला पटले नव्हते. आपल्याकडे एखादी ऐतिहासिक कादंबरी लोकप्रिय झाली, की तिच्यातला खलनायक पिढ्यान्पिढ्या तसाच राहतो आणि दफ्तरातले कागद काहीही सांगोत, लोक त्याला सोडत नाहीत. तोच प्रश्न तिथे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी दोन लेखकांनी एकमेकांचा मान राखून पत्रांतून मांडला होता.

मला आव्दोत्याबद्दल वाचायचे आहे. तिने त्या रात्री पहारेकऱ्याला आपले दागिने देऊन मेंढीच्या कातड्याचा कोट मिळवला आणि त्यामुळे दोघे वाचले, अशी एक आख्यायिका सांगतात. आख्यायिका असली, तरी एक संपूर्ण कादंबरी पेलण्याइतके बळ तिच्यात आहे.

पारिजात_न :

शेवटच्या कुटुंबाबद्दल कोणीतरी लिहावे अशी वाट पाहत होते, मग स्वतःच लिहिते.

मोडीवाचक यांचा संशयाचा सिद्धांत १९१८ ला सर्वांत अचूक लागू होतो, असे मला वाटते. १६-१७ जुलैच्या रात्री येकातेरिनबुर्गच्या इपात्येव्ह यांच्या घराच्या तळघरात अकरा माणसे मारली गेली : निकोलस, अलेक्सांद्रा, चार मुली, तेरा वर्षांचा अलेक्सेई, डॉक्टर बोत्किन, दासी देमिदोव्हा, आचारी खारितोनोव्ह आणि सेवक त्रुप. सरकारने मात्र जाहीर केले ते एवढेच, की निकोलसला गोळी घातली आणि कुटुंबाला सुरक्षित ठिकाणी हलवले. त्या एका खोट्या वाक्यातून पुढच्या पाऊणशे वर्षांच्या कथा जन्मल्या. १९२० मध्ये बर्लिनच्या कालव्यातून एका तरुणीला बाहेर काढले गेले. आपण अनास्तासिया आहोत हा तिचा दावा जर्मनीच्या न्यायालयांत दशकानुदशके चालला, आणि १९७० मध्ये तो सिद्धही झाला नाही व खोटाही ठरला नाही. अॅना अँडरसन या नावाने ती १९८४ मध्ये अमेरिकेत वारली. १९९४ मध्ये डीएनए चाचणीने ती रोमानोव्ह नव्हती हे दाखवले. १९९१ मध्ये उकरून काढलेल्या अवशेषांत दोन मुले कमी होती, तेवढी फट शिल्लक होती. २००७ मध्ये जवळच ती दोघेही सापडली आणि ती फटही बुजली.

आता माझा प्रश्न नैतिक आहे. अनास्तासिया वाचली असे धरून लिहिलेल्या कथा १९९० च्या आधी समजण्यासारख्या होत्या. आज, चारही मुलींचे अवशेष ओळखले गेल्यानंतर, त्यातल्या एकीला वाचवून तिला प्रेमकथेची नायिका करणे मला त्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचा अनादर वाटतो. चित्र किंवा कथा एकदा मनात बसली, की कागद हरतात हे आपण पाहिले आहे. स्वतःला एलिझाबेथची मुलगी म्हणवणारी, राजकन्या ताराकानोव्हा नावाने ओळखली जाणारी स्त्री १७७५ मध्ये कैदेत क्षयाने मेली. फ्लावित्स्कीने १८६४ मध्ये तिचे चित्र काढले, त्यात ती कोठडीत चढणाऱ्या पुराच्या पाण्यासमोर उभी आहे. तो पूर आला १७७७ मध्ये. तरीही ती बुडून मेली असेच आज असंख्य लोक समजतात.

मग सत्य कळल्यावर लिहिण्यासारखे काय उरते, असे कोणी विचारील. मला वाटते, पुष्कळ उरते. स्वयंपाकघरात काम करणारा लिओनिद सेद्नेव्ह हा मुलगा, अलेक्सेईच्या बरोबरीचा आणि त्याचा खेळगडी, त्याला गोळीबाराच्या काही तास आधी घराबाहेर पाठवून दिले गेले. देमिदोव्हा त्या तळघरात उशा घेऊन उतरली, आणि त्यांपैकी एकीत दागिन्यांची पेटी शिवलेली होती. मुलींच्या काचोळ्यांतही हिरे शिवलेले होते, त्यांवर गोळ्या अडल्या आणि त्यांचे मरण लांबले. बोत्किनला निघून जाण्याची मुभा होती, तरी तो राहिला. सातबारा यांना ज्या दिशेने पाहणारी कादंबरी हवी आहे, ती या चार चाकरांच्या नजरेतून लिहिता येईल. राजघराणे त्यात असेलच, पण मालक म्हणून असेल आणि सहबंदी म्हणूनही असेल.

सातबारा :

पारिजात, हे पटले. विशेषतः मालक आणि सहबंदी हे दोन्ही नाते एकाच खोलीत असणे. ही कादंबरी कोणी लिहिली, तर पहिला वाचक मी असेन.

काळेभोर_ढग :

नव्या वाचकांसाठी एक व्यावहारिक सूचना. १९१८ पर्यंत रशियात जुनी ज्युलियन दिनदर्शिका होती. एकोणिसाव्या शतकात ती आपल्यापेक्षा बारा दिवस मागे होती आणि विसाव्या शतकात तेरा. त्यामुळे निकोलसच्या राज्यत्यागाची तारीख एका पुस्तकात २ मार्च १९१७ आणि दुसऱ्यात १५ मार्च दिसते. दोन्ही बरोबर आहेत. तसेच एकाच व्यक्तीचा उल्लेख कधी नाव आणि वडिलांच्या नावाने, कधी घरगुती नावाने, तर कधी फक्त आडनावाने येतो. सुरुवातीच्या पानांवरच एका कागदावर वंशवृक्ष काढून ठेवला, तर पुढचे वाचन सुखाचे होते.

उत्तररात्र :

आपल्या भूमीशी जोडलेला एक दुवा या चर्चेत यायला हवा, म्हणून पुन्हा लिहिते. शेवटचा झार युवराज असताना मुंबईला आला होता. १८९० च्या डिसेंबरात ‘पाम्यात अझोव्हा’ या युद्धनौकेवरून तो इथे उतरला आणि पुढे भारतभर फिरून पूर्वेकडे गेला. त्याच प्रवासात १८९१ च्या मे महिन्यात जपानमधल्या ओत्सु येथे एका पोलीस शिपायाने त्याच्या डोक्यावर तलवारीचा वार केला. मुंबईपर्यंत बरोबर त्याचा धाकटा भाऊ गिओर्गी होता. मुंबईत गिओर्गीची प्रकृती इतकी बिघडली, की त्याला तिथूनच परत पाठवावे लागले. छातीचा विकार होता आणि १८९९ मध्ये वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो त्यानेच गेला.

निकोलसबरोबर असलेल्या उख्तोम्स्कीने या प्रवासाचे सचित्र ग्रंथ लिहिले, निकोलसची रोजनिशी आहे, आणि त्या वेळच्या मुंबईतल्या वर्तमानपत्रांचे अंकही संग्रहालयांत आहेत. म्हणजे साधने भरपूर आहेत. दोन भाऊ, एक बंदर, एकाला मायदेशी नेणारी बोट आणि दुसऱ्याला पुढे नेणारी. त्यातच इंग्रज अधिकाऱ्यांना रशियाच्या हेतूंबद्दल वाटणारा अविश्वास, आणि या पाहुण्यांसाठी राबणारे गोदीतले, बंगल्यातले मराठी हात. ज्यांना कागदपत्रे वाचायची सवय आहे आणि कादंबरी लिहायची इच्छा आहे, त्यांनी या मुंबईतल्या मुक्कामाकडे अवश्य पाहावे. मोडीवाचक, आपण मनावर घेतले, तर वर्तमानपत्रांचे अंक शोधून वाचण्याचे काम मी माझ्याकडे घेते.